गच्चीवरचे अलनराव

चिक्कडपल्लीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर एकच खोली आहे. वर पत्रा, बाहेर पाण्याची टाकी, आत एक खाट मावेल एवढी जागा. हैदराबादेत अशा खोलीला पेंटहाउस म्हणतात आणि भाडंही त्या नावाला शोभेल असं मागतात. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये ही खोली ॲलन यांनी घेतली. वय चौपन्न, उंची सहा फुटांच्या वर, सामानात एक मोठी बॅग आणि एक काळी छत्री. आत शिरताना त्यांचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. पुढे वर्षभर ते जवळजवळ रोज आपटत राहिलं. पहिल्या मजल्यावर माझ्या घरात तो आवाज ऐकू यायचा. तो आला की सकाळचे साडेसात वाजले असं समजायला हरकत नव्हती.

घरमालकीण सुमनकाकू बिरादार. उदगीरकडच्या शेतकरी घरातल्या, लग्न होऊन हैदराबादेत आल्या त्याला चाळीस वर्षं झालेली. त्यांच्या मराठीत दखनी आणि तेलुगू मिसळून गेलेलं आहे, आणि कुठलं काय हे त्यांनाही आता सांगता येत नाही. काका वीज खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. ॲलन यांना हाक काय मारायची, हा प्रश्न काकूंनी पहिल्याच दिवशी निकालात काढला.

"नुसतं ॲलन कसं म्हणायचं एवढ्या मोठ्या माणसाला? अलनराव म्हणूया."

तेव्हापासून घरात, गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या वहीत, सगळीकडे अलनराव झाले.

कुकटपल्लीतल्या एका इंग्रजीच्या क्लासमध्ये ते शिकवायला आले होते. ब्रिटनला नोकरीसाठी जाऊ पाहणाऱ्या नर्सना तिथे भाषेच्या परीक्षेसाठी तयार करतात. मालक व्यंकट सर. त्यांनी ॲलन यांचा फोटो काढून क्लासच्या इमारतीवर दोन मजली बॅनर लावला. खाली लिहिलं, लंडनहून आलेले प्राध्यापक.

ॲलन यांनी बॅनर पाहिला त्याच संध्याकाळी, काकूंकडे चहाला बसल्यावर, त्यातलं खोटं काय ते सांगून टाकलं. ते प्राध्यापक नव्हते आणि लंडनचेही नव्हते. स्कॉटलंडच्या उत्तरेला एका लहानशा बंदराच्या गावात त्यांनी सव्वीस वर्षं बस चालवली होती. गावातून निघायचं, आठ खेडी घेत शहरातल्या हॉस्पिटलपर्यंत जायचं, आणि परत. डाव्या डोळ्याची नजर कमी झाली तेव्हा प्रवासी गाडीचा परवाना गेला. मग त्यांनी इंग्रजी शिकवण्याचा तीन महिन्यांचा कोर्स केला आणि सात-आठ देशांत अर्ज पाठवले. उत्तर कुकटपल्लीहून आलं. करार एक वर्षाचा. तो वाढला तर व्हिसा वाढणार. नाही तर बहिणीच्या घरातली मागची खोली होतीच.

"पैशाचा प्रश्न नाही," ते म्हणाले. "बस सोडून मला दुसरं काही येतं का, तेवढं एकदा कळायला हवं."

दोघांमधला दुभाषी मीच होतो; मी हे काकूंना मराठीत सांगितलं. काकूंनी विचारलं, "डोळा कोणता म्हणले?"

"डावा."

"जिन्यात दिवा उजवीकडं हाय. डावीकडं लावून घेऊ." दुसऱ्या दिवशी वायरमन आला.

कुकटपल्लीला जायला मेट्रो आहे. ॲलन बसने जात. पहिल्याच दिवशी ते पुढच्या दाराने चढले आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. हैदराबादच्या बसमध्ये पुढचा अर्धा भाग बायकांचा असतो. बायकांचा प्रवास फुकट झाल्यापासून दोन स्टॉपांत तिथे उभं राहायलाही जागा उरत नाही.

"अंकल, लेडीज है इधर. पीछे जाओ," एक बाई म्हणाल्या.

ॲलन उठले, त्यांना सीट दिली, आणि तिथेच दांडा धरून उभे राहिले. कंडक्टर आला. "क्या सर, समज में नै आरा क्या? मर्दां पीछे." ॲलन यांनी दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग धरून दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. कंडक्टरने ते ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरने मान वळवून एकदा नीट बघितलं. "ड्रैवर? ये गोरा?" मग बाजूच्या इंजिनाच्या झाकणावर हात आपटला. बैठो.

महिन्याभरात त्या मार्गावरचे बहुतेक ड्रायव्हर त्यांना ओळखू लागले. इंजिनाच्या झाकणाची धग लागते म्हणून काकूंनी एक जाड गोधडी शिवून दिली. ती ते घडी करून काखेत घेऊन जात. इथल्या ड्रायव्हरांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "हे लोक आरशाचं काम हॉर्नकडून करून घेतात," ते म्हणत. "आणि तरी कुणाला लागत नाही. मला हे कधी जमलं नसतं."

शिकवतानाही त्यांची बस सुटली नव्हती. क्लास नऊला म्हणजे नऊला सुरू. पण नऊला एक मिनिट कमी असताना ते दारात येऊन जिन्याकडे बघत. कुणी पळत येत असेल तर दार उघडं राही. कुणी सावकाश येत असेल तर बंद होई. "पळत येणाऱ्यासाठी थांबायचं," हा त्यांचा नियम होता. "चालत येणाऱ्याला दुसरी गाडी मिळते." सगळे बसल्याशिवाय ते पहिलं वाक्य बोलत नसत. ड्यूटी संपवून थेट आलेल्या मुलीला मागच्या कोपऱ्यात डुलकी लागली तर तिला उठवत नसत. तिचा स्टॉप यायचाय, असं म्हणत.

हे आम्हाला वैशालीकडून कळायचं. वैशाली त्या क्लासमधली एकटीच मराठी मुलगी, काकूंच्या माहेरच्या गावची. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती, हॉस्टेलवर राहायची आणि रविवारी काकूंकडे जेवायला यायची. भाकरी मोडता मोडता ती आठवड्याचा वृत्तांत देई.

पहिल्या आठवड्याचा वृत्तांत चांगला नव्हता. एका मुलीने विचारलं होतं, सर, हे वाक्य असंच का, तसं का नाही? ॲलन यांनी खरं सांगितलं. मला माहीत नाही, कानाला असं बरं वाटतं. मुलींनी पेनं खाली ठेवली. दुपारी व्यंकट सरांनी बोलावून घेतलं. इथे लोक कानाची फी भरत नाहीत, म्हणाले.

त्या संध्याकाळी ॲलन काकांकडे आले. काकांनी पस्तीस वर्षं खात्याच्या पत्रांचे मसुदे केलेले. शाळेतलं व्याकरणाचं पुस्तक त्यांच्याकडे अजून होतं, खाकी कव्हर घातलेलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहा ते सात गच्चीवर शिकवणी सुरू झाली. काका खुर्चीवर, आणि समोर पालथ्या बादलीवर इंग्रजीचे शिक्षक. काकांचं इंग्रजी सरकारी पत्राचं होतं, बोलतानाही विषय आणि संदर्भ आधी येत. पण नियम त्यांना पाठ होते, आणि नियम मोडलेला त्यांना खपत नसे.

"अलनराव, होमवर्क?"

ॲलन वही पुढे करत. काका लाल पेनाने तपासत. काकू वाळवणाची चादर झटकता झटकता म्हणाल्या, "इंग्रज गेले म्हणं. बघा, शिकायला परत आले."

मी ते ॲलन यांना सांगितलं. ते खूप हसले, मग थोडे गंभीर झाले. इंग्रज नाही, स्कॉट. दोन्हींत फरक काय आणि तो का महत्त्वाचा आहे, हे त्यांनी दहा मिनिटं समजावलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हौ, कळलं," त्या म्हणाल्या. "तेलंगणा-आंध्रासारखं हाय."

मराठी त्यांनी काकूंकडून उचललं, म्हणजे काकूंचं मराठी उचललं. जेवताना "बस, नक्को" म्हणायला शिकले. तरीही काकू वाढतच, म्हणून पानावर आडवा हात धरायलाही शिकले. त्यांना सर्वांत आधी हवा होता तो मात्र एकच प्रश्न. सव्वीस वर्षं गाडीत चढणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांनी तो विचारला होता. वैशालीने तो शिकवला. दोन दिवस त्यांनी घोकला. तिसऱ्या दिवशी सकाळी काका शेताच्या हद्दीच्या कामासाठी उदगीरला निघाले होते. कागदांची पिशवी हातात, पाय उंबऱ्याबाहेर. ॲलन जिन्यावरून उतरत होते. त्यांनी हसतमुखाने, अगदी स्पष्ट विचारलं,

"काका, कुठं चाललाव?"

काका थांबले. पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि आत येऊन खुर्चीवर बसले. काकू स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"निघालेल्या माणसाला कुठं म्हणून इचारतेत का, अलनराव? आता ह्यांचं काम व्हायचं नाही. कुणी शिकवलं हे?"

ॲलन यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, शब्द चुकला. शब्द बरोबर होता, तो विचारायची वेळ चुकली होती, हे समजावायला मला बराच वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी विचारलं, मग निघालेल्या माणसाशी तुम्ही बोलता काय? काकूंनी सांगितलं, "लांब का, म्हणायचं. त्याला सांगायचं असंल तर सांगतो."

काका पाणी पिऊन, पाच मिनिटं बसून पुन्हा निघाले. ॲलन फाटकाशी उभे होते. "लांब का?" त्यांनी हळूच विचारलं. "उदगीर," काका म्हणाले, आणि हसू दाबत रस्त्याला लागले. कामाचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून गल्लीत कुणाची सुटका राहिली नाही. दूध आणायला निघालेल्या बाईला, कचऱ्याची बादली घेऊन कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना एकच प्रश्न. लांब का? म्हातारा रोज तितक्याच गंभीरपणे सांगे, "बहुत लांब, साब."

डिसेंबरात वैशालीच्या बॅचची परीक्षा जवळ आली, आणि ॲलन यांचा करार वाढवायचा की नाही, हे ठरायची वेळही. व्यंकट सरांनी सरळ सांगितलं. या बॅचचा निकाल चांगला लागला तर पुढचं वर्ष पक्कं. त्यासाठी रस्ताही दाखवला. तोंडी परीक्षेत बहुतेक करून विचारतात अशा चाळीस प्रश्नांची उत्तरं क्लासकडे तयार होती. माझी आवडती जागा, माझ्या आयुष्यातला आनंदाचा दिवस, वगैरे. ती मुलींकडून पाठ करून घ्यायची. शेजारच्या खोलीत दुसरे सर हेच करत आणि त्यांचे निकाल चांगले लागत.

ॲलन यांनी ते कागद एकदा वाचले. त्यांत सगळ्याच मुलींची आवडती जागा समुद्रकिनारा होती. त्यांनी विचारलं, कितीजणींनी समुद्र पाहिलाय? तीन हात वर झाले.

त्यानंतर काय झालं, ते वैशालीने पुढच्या रविवारी उभं राहून, अभिनयासकट सांगितलं.

"काकू, सर बेंचवर आडवे झाले. पाय बाहेर लोंबकळूलालेत. म्हणले, मी ब्याऐंशी वर्षांची बाई आहे, वॉर्डात आहे, माझ्याशी बोला. मी म्हणलं, आजी, दुखतंय का? तर म्हणले, छे छे, अगदी छान आहे. मी वळले जायला. तर म्हणले, फक्त आमच्या घरचा जिना अलीकडं जरा उंच झालाय."

"म्हंजे?" काकू म्हणाल्या.

"म्हंजे गुडघे गेलेत. पण तसं सांगायचं नाही. सर म्हणतेत, तिकडची म्हातारी माणसं दुखतंय म्हणतच नाहीत. शेजारणीचं सांगतेत, हवेचं सांगतेत, मांजराचं सांगतेत. त्यातून आपण काढून घ्यायचं."

ॲलन यांना हे पुस्तकातून मिळालेलं नव्हतं. त्यांची गाडी सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या दारात जाऊन थांबत होती. तपासणीला जाणारी माणसं पुढच्या सीटवर बसून त्यांच्याशी बोलत. जाताना काय बोलत आणि परतताना काय बोलत नसत, हे त्यांना माहीत होतं. तो सगळा साठा त्यांनी त्या दोन महिन्यांत वर्गात ओतला. ते रोज वेगळे रुग्ण होत. चिडके, बहिरे, विनोद करणारे, नर्सलाच धीर देणारे. त्यांचे उच्चार मुलींना सुरुवातीला अजिबात कळत नसत. काहींनी तशी तक्रारही केली. त्यांनी उच्चार बदलले नाहीत. "रुग्ण तुमच्यासाठी बदलणार नाही," म्हणाले.

निकाल फेब्रुवारीत लागला. ॲलन यांच्या वर्गातल्या निम्म्याहून कमी मुली पास झाल्या. शेजारच्या खोलीतल्या जवळजवळ सगळ्या. वैशाली तोंडी परीक्षेत नापास झाली. आनंदाचा दिवस सांगा, असा प्रश्न आला होता. ती खरा दिवस आठवत बसली आणि वेळ संपली.

त्या रविवारी ती जेवली नाही. ॲलन तिच्यासमोर बसले. मी दुभाषी होतो, पण त्या दिवशी फारशी गरज पडली नाही.

"उद्यापासून शेजारच्या खोलीत जा," ते म्हणाले. "मी तिथल्या सरांशी बोललो आहे. चाळीसही उत्तरं पाठ कर."

"सर, तुम्हीच तर म्हणला, ते खोटं आहे."

"खोटंच आहे. पण दार त्या बाजूला आहे. आधी आत जा. मी शिकवलं ते उपयोगाचं असेल तर नंतर पडेल उपयोगी. नसेल तर विसरून जा."

करार वाढला नाही. व्यंकट सर त्याबद्दल वाईट वागले नाहीत. त्यांनी शाल घालून निरोप दिला. काकांनी मात्र हार मानली नाही. जामबागेतल्या एका जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिका त्यांच्या ओळखीच्या होत्या. काका ॲलन यांना कोट घालायला लावून तिथे घेऊन गेले. बाईंना माणूस पसंत पडला. पाचवीच्या वर्गात त्यांना पाहुणे म्हणून पाऊण तास उभंही केलं, आणि मुलांनी त्यांना सोडेपर्यंत पुढच्या तासाची घंटा होऊन गेली. पण व्हिसासाठी पगार जेवढा दाखवावा लागतो, तेवढा त्या शाळेत मुख्याध्यापिकांनाही नव्हता. दोघं बसने परत आले. जिना चढताना काका म्हणाले, "सब्जेक्ट क्लोज्ड." त्यांच्या तोंडून इतकं तुटक इंग्रजी मी पहिल्यांदा ऐकलं.

जाण्याआधी ॲलन यांनी खोलीला स्वतःच्या हाताने चुन्याची सफेदी केली. बस ड्रायव्हरांचा निरोप घ्यायला एक दिवस या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फेऱ्या केल्या. मेमध्ये ते गेले. विमानतळावर मी सोडायला गेलो होतो. गाडीत ते वाटेतल्या बस बघत राहिले. एकदाच म्हणाले, "चला, कळलं एकदाचं." काय कळलं, हे विचारावंसं मला वाटलं नाही.

बॅनर मात्र पावसाळा संपेपर्यंत तसाच होता. काकू कुणाच्या तरी लग्नाला कुकटपल्लीला गेल्या तेव्हा त्यांनी पाहिला. रंग उडाला होता, शर्ट आणि चेहरा एकाच रंगाचे झाले होते. घरी येऊन त्या म्हणाल्या, "उन्हात उभं केलंय माणसाला कायकू? काढून तरी ठेवायचं."

वैशाली दुसऱ्या खेपेला पास झाली. समुद्रकिनारा आला होता, तिने तो घडाघडा म्हणून दाखवला. पुढचे सोपस्कार व्हायला वर्ष गेलं. गेल्या जानेवारीत ती ब्रिटनच्या उत्तरेकडच्या एका शहरात रुजू झाली. तिसऱ्या रविवारी तिने काकूंना फोन केला. आवाजावरून आधी वाटलं, रडतेय.

"काकू, इथं डॉक्टर बोलले की मला निम्मं कळत नाही. पेशंट बोलले की सगळं कळतं. सगळे अलन सरांसारखे बोलूलालेत. एक आजोबा हायत, मासे धरायचे. डॉक्टरला तीनदा म्हणले, मी ठणठणीत. मग मला म्हणले, आज बोट बांधायचा दोर कुणी तरी छातीभोवती विसरून गेलंय. मी पळत जाऊन डॉक्टरला सांगितलं. हार्टचं होतं, वेळेत सापडलं. डॉक्टर म्हणतेत, तुला कसं कळलं? आम्हाला विनोद वाटला."

काकूंनी फोन ठेवला आणि मला हाक मारली. "लावा अलनरावला. आत्ताच लावा."

तिकडे सकाळ होती. ॲलन बहिणीच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेले दिसले. केस जास्त पांढरे झाले होते. काकांनी कसे आहात विचारलं, त्यांनी काकांना होमवर्क तपासायचं राहिलंय म्हणून सांगितलं. मग काकूंनी वैशालीचं सगळं सांगितलं आणि मी ते वाक्यावाक्याने इंग्रजीत केलं. आजोबा, दोर, डॉक्टर, सगळं.

ॲलन पडद्याजवळ सरकले. मग म्हणाले, "परत सांग."

मी परत सांगितलं, यावेळी सावकाश.

त्यांनी फोन टेबलावर उताणा ठेवला. पडद्यावर छत आलं. पांढरं, मध्ये एक गोल दिवा, कोपऱ्यात ओलीचा डाग. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग आतल्या खोलीतून त्यांचा आवाज. ते बहिणीला काहीतरी सांगत होते, मोठ्याने, आणि इतक्या भराभर की मलाही नीट लागेना.

"काय म्हणूलालेत?" काकूंनी विचारलं.

काकांनी हात वर केला. "थांब. वैशालीचं नाव घेतलं."

मग दोर असा शब्द ऐकू आला. मग बहिणीचा काहीतरी प्रश्न. मग पुन्हा वैशालीचं नाव. ते पहिल्यापासून सांगत होते.

आम्ही तिघं त्या छताकडे बघत बसलो.